पेटीतले पत्र

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी सैन्यात गेलेला आहे. माझ्या हाताखाली शिकलेला असाच एक विद्यार्थी गेल्या वर्षी भेटीस आला. डोंगरी ठाण्यांवर वर्षानुवर्षे पाठीवर ओझे वाहून त्याचे गुडघे झिजले होते. अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा त्याचा अर्ज नामंजूर झाला होता, आणि ते पत्र त्याने दोन वर्षे पेटीत दडवून ठेविले होते. “गुरुजी, मला खोटा ठरविले,” एवढेच तो म्हणाला.

मी पत्र वाचले. त्यात त्याला कोणी खोटे म्हटले नव्हते. हा संधिवात सेवेमुळे जडला नाही आणि सेवेमुळे बळावलाही नाही, असे वैद्यकीय मंडळाचे मत होते. अशा मतावर खात्याकडे अपील करता येते. तेथेही दाद न लागल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे व त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

१९८२ च्या नियमांचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणी सांगितले की, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नव्हती ती पुढे उद्भवल्यास सेवेमुळेच जडली असे सामान्यतः मानावे. तसे नसल्यास मंडळाने कारणे द्यावीत. २०२३ साली नवे नियम आले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी ते अवश्य पाहावेत.

अपिलात गाऱ्हाणे थोडे आणि पुरावा अधिक असावा. मंडळाने ‘वयोमानाची झीज’ असे कारण दिले असल्यास भरतीच्या वेळची तपासणी, दुखापतीचा अहवाल, रुग्णालयातील नोंदी, क्ष-किरण चित्रे आणि कोठे किती वर्षे काढली याची यादी जोडावी. दुखणे प्रथम केव्हा व कोणते काम करताना जाणवले, हे तारखेसह लिहावे. अपंगत्व किती टक्के ठरविले तेही पाहावे. सामान्यतः ते २० टक्क्यांहून कमी असून चालत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामी मार्गदर्शन मिळते.

त्या विद्यार्थ्याची मुदत टळली होती. आम्ही विलंबाचे खरे कारण लिहून अपील धाडले. निकाल अद्याप यावयाचा आहे. तो अनुकूल लागेलच असे मी सांगू शकत नाही. परंतु मुदतीत धाडले असते, तर ही एक अडचण तरी उरली नसती.

भगिनींनो, घरातील पेटी बहुधा आपणच आवरता. असे पत्र हाती लागल्यास पुन्हा घडी घालून ठेवू नका. त्यावरील तारीख वाचा आणि जाणत्या माणसाकडे घेऊन जा.