फुटबॉलचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



बालीगंजात उभे राहून फुटबॉलविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन वारकऱ्यांना अभंग समजावण्यासारखे आहे. आपल्या घरांतील मुलेदेखील मोहनबागान आणि ईस्ट बंगाल अशा दोन तटांत वाटली गेलेली असतात. तरीही आज मी कलकत्त्याबाहेरच्या एका गृहस्थांविषयी बोलणार आहे. २०२४ साली ‘मैदान’ हा चित्रपट येईपर्यंत आपल्या मुलांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते, याची मला खंत वाटते.

सय्यद अब्दुल रहीम १९०९ साली हैदराबादेत जन्मले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता, म्हणजे ते आपले शेजारीच म्हणावयाचे. उस्मानिया विद्यापीठात शिकताना फुटबॉलपटू म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे ते शाळामास्तर झाले. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला.

मास्तरकी त्यांनी मैदानावरही सोडली नाही. दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, अशा स्पर्धा ते भरवीत. तेथे उजव्या पायाचा तरबेज गडी पुन्हा बालवर्गात जाऊन बसे. (बंगाली शिकताना आपली जी अवस्था झाली, तीच!)

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले आणि भारत चौथा आला. परंतु खरी कसोटी १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत लागली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपणांस २-० असे नमविले. पुढे बचावफळीतील जर्नेलसिंगच्या डोक्यास जखम होऊन टाके पडले. दुसऱ्या कोणी त्यास विश्रांती दिली असती. रहीम यांनी उपांत्य सामन्यात त्यास चक्क आघाडीवर खेळविले! त्याने गोल केला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता, आणि प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, जर्नेलसिंगने दुसरा. भारत २-१ ने जिंकला.

त्यानंतर वर्षही सरले नाही. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, आणि तेही याच शहरात, मोहनबागान व ईस्ट बंगाल या दोन्ही संघांचे.