सत्काराआधी परिचय हवा



बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आणि ऊसतोड हे दोन शब्द पाठोपाठ येतात. ते खोटे नाहीत. परंतु जिल्ह्याची ओळख तेवढ्यावरच संपविणे अन्यायाचे होय. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला आहे. त्याच गावी सुमारे चार शतकांपूर्वी दासोपंतांनी ४० फूट लांब व ४ फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. पांघरावयाचे कापड येथे ग्रंथ झाले. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. दरबाराचा आश्रय नसतानाही येथे मराठी जगली, ती कीर्तनात, भारुडात आणि जात्यावर.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८३ साली अंबाजोगाईला आणि १९९८ साली परळीला भरले. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार हे त्यांचे अध्यक्ष. याचा अभिमान जरूर असावा. पण मांडव उतरल्यावर आपल्याच गावात गाणारी, वाजविणारी, लिहिणारी माणसे कोणत्या गल्लीत राहतात, त्यांची चूल कशावर पेटते, हे कितीजणांस ठाऊक असते?

माजलगावचे उदाहरण पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या कार्यात १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. शेजारच्या वस्तीतले धन ओळखण्यास पुण्याहून माणसे येण्याची वाट का पाहावी?

‘कार्यक्रमास स्थानिक कलावंत मिळत नाहीत,’ अशी संयोजकांची तक्रार असते. ते मिळावेत कसे? मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर जातात, ती उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’ धरला जातो. समारंभांचा हंगामही नेमका हिवाळ्याचा. शहरात व्यासपीठ सजते तेव्हा ओवी जाणणारी बाई मोळ्या बांधीत असते आणि हलगी वाजविणारा गाडी भरीत असतो. जो घरीच नाही, त्याच्या नावाने निमंत्रणपत्रिका छापून काय उपयोग?

चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाण्याला आणि वगनाट्याला लोकशिक्षणाचे स्थान दिले. निळू फुले, राम नगरकर तेथूनच पुढे आले. पुढे मात्र गर्दी जमविण्यापुरते शाहिराला उभे करावयाचे आणि पुढाऱ्याची मोटार दिसताच त्याचे गाणे अर्ध्यावर तोडावयाचे, ही रीत आपल्या सभांतही शिरली. श्रमाला दाम मागणाऱ्या पक्षाने हलगीवाल्याला नुसत्या नारळावर वाटेस लावणे शोभत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी थोडे पण नेमाने करावे. हंगाम संपून मंडळी परतली की पाऊस पडण्यापूर्वी वस्तीत बैठक घ्यावी. ओव्या, गाणी वहीत उतरावीत आणि गाणारीचे नाव-गाव तिच्या संमतीने लिहावे. सभेस बोलाविलेल्या कलावंताचे मानधन आधी ठरवावे आणि त्याच दिवशी द्यावे. गावातील कवीचे पुस्तक भेट म्हणून मागू नये, विकत घ्यावे. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जास कलेचे पुरावे लागतात. ज्या म्हातारीने आयुष्यभर गाइले, तिच्याजवळ कागद कोठला? कार्यकर्त्याची वही तेथे साक्षीला उभी राहू शकेल.

शाल एका संध्याकाळी पांघरता येते. परिचयाला मात्र उंबरठा ओलांडून आत बसावे लागते. तेवढा वेळ ज्याला नाही, त्याने लोककलेच्या नावाने भाषण करू नये.