चार माइकांत मावणारा ड्रमसेट

ठाण्याच्या वर्तकनगरपासून डोंबिवलीपर्यंत कॉलेजातली मुलं बँड उभा करतात, स्वतःची गाणी बांधतात आणि ती घरच्या घरी रेकॉर्ड करायला बसतात. गिटारची वायर थेट ऑडिओ इंटरफेसला जोडता येते, गायकाला एक माइक पुरतो. घोडं पेंड खातं ते ड्रमसेटपाशी. किक, स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट, क्रॅश, राइड असे आठ नग मोजायचे, म्हणून आठ माइक, तेवढेच स्टँड, तेवढ्याच केबल आणि आठ इनपुटचा इंटरफेस, अशी यादी तयार होते. मग कोणीतरी म्हणतं, राहू दे, कॉम्प्युटरवरचे तयार ठोके लावू. माझ्या मते ही यादीच उलट्या टोकानं लिहिलेली असते. ड्रमसेट एक माणूस वाजवतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर तो एकच वाद्य म्हणून पडतो. तो तसाच टिपायचा तर तीन-चार माइक पुरतात. पैसा आणि डोकं खर्च व्हायला हवं ते वाद्याच्या सुरावर, खोलीवर आणि माइकच्या जागेवर.

याला पुरावा मुंबईतच आहे. साठच्या दशकापर्यंतची चित्रपटगीतं बहुतांशी मोनोमध्ये आणि गायक-वादक एकाच वेळी बसवून रेकॉर्ड होत. फेमस स्टुडिओत किंवा ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये प्रत्येक कातडीला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक ही चैन नव्हती. कोण माइकजवळ बसेल, कोण मागं सरकेल, यावर तोल साधला जाई. काव्हस लॉर्ड, केर्सी लॉर्ड यांच्यासारख्यांचं तालवाद्य त्या मोनोतही आपल्याला स्वच्छ ओळखू येतं. परदेशातलं उदाहरण तर ड्रमरांना पाठच असतं. लेड झेपेलिनच्या 1971 सालच्या अल्बममध्ये ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी ड्रमर जॉन बॉनमचा सेट हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली मांडला होता आणि रेकॉर्डिस्ट अँडी जॉन्स यांनी वरच्या मजल्यावरून दोन माइक सोडले होते. रॉकमधला सर्वांत दणदणीत म्हणून नावाजलेला आवाज तो हाच.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: त्यांच्याकडे वाडा होता, आमच्याकडे दहा बाय दहाची खोली. म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून वर्तकनगरात टॉवर उभे राहिले, तरी खोल्यांची मापं फारशी बदललेली नाहीत. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झचा सूर घुमतो, म्हणजे नेमका किकच्या पोटातला. लांबी आणि रुंदी सारखीच असेल तर तो दुप्पट हट्टी होतो. त्यात छत साडेनऊ फुटांवर. ओव्हरहेड माइक छताच्या फूटभर खाली टांगला, तर ड्रमचा आवाज आधी थेट पोचतो आणि छताला आपटून पुन्हा जवळजवळ तितक्याच जोरानं पोचतो, दोन मिलिसेकंदांच्या आत. दोन्ही मिळून 280 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतात. स्नेअर आणि टॉमचं अंग तिथंच असतं, म्हणून रेकॉर्डिंग पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं आणि बिचाऱ्या माइकला शिव्या बसतात. तोच माइक स्नेअरपासून साडेतीन फुटांवर आणला की छताचा आवाज थेट आवाजापेक्षा तिपटीहून लांबून येतो आणि बराच दुबळा पडतो. छताला आणि मागच्या भिंतीला जाड गोधड्या, गाद्या लावल्या तर झांजांची चरचरही उतरते. किकच्या 56 हर्ट्झचं गोधडीनं काही होत नाही. त्यासाठी सेट खोलीच्या मध्यातून हलवून, चार-पाच ठिकाणी वाजवून पाहावा लागतो. यात खर्च शून्य आहे, कंटाळा मात्र आहे.

चार माइक मांडण्याची ही रीत ग्लिन जॉन्स या इंग्रज रेकॉर्डिस्टच्या नावानं ओळखली जाते. एक कंडेन्सर माइक स्नेअरच्या बरोबर वर, साडेतीन फुटांवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, झांजांच्या किंचित वर, हाय-हॅटकडे तोंड करून. स्नेअरच्या मध्यापासून दोघांचं अंतर सारखं हवं, आणि ते सुतळीनं मोजावं, नजरेनं नव्हे. एका फुटाच्या फरकानं आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद मागं पडतो आणि दोन ट्रॅक एकत्र केले की स्नेअर पोकळ होतो. तिसरा माइक किकसमोर, चौथा स्नेअरच्या काठाशी. स्नेअरला शुअरचा एसएम 57 घ्यावा. 1965 पासून चालत आलेला हा साधा माइक सेकंड-हँडही मिळतो. चार प्रीअँपचा, 48 व्होल्ट फँटम पॉवर देणारा इंटरफेस पुरतो. 24 बिटवर रेकॉर्ड करताना मीटर उणे दहाच्या आसपास थांबला तरी चिंता नको.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: प्रत्येक ड्रमला वेगळा माइक असेल तर मागाहून मिक्समध्ये हवं ते वर-खाली करता येतं. येतं, खरंच. मेटलसारख्या प्रकारात, जिथं दर ठोका सारख्याच धारेचा लागतो, तिथं तो खर्च योग्यच आहे. पण लहान खोलीत टॉमच्या माइकात झांज शिरते आणि किकच्या माइकात स्नेअर, तेव्हा हातात येणारं स्वातंत्र्य बरंचसं कागदावरचं असतं. चार माइकांत मिक्स वादकाच्या हातात असतो. हाय-हॅटवर जोर जास्त पडत असेल तर तो त्यानंच कमी करायचा. वादक कच्चा असेल तर ही पद्धत त्याचं पितळ उघडं पाडते, हे मान्य. गाणं प्रसिद्ध झाल्यावर ते कळण्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या वेळीच कळलेलं बरं.

तयार ठोक्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल भांडण नको. ते स्वस्त आहे आणि शेजाऱ्यांना त्याचा त्रास नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खोलीतला ड्रमसेट शंभरी सहज ओलांडतो. म्हणून तालीम पॅडवर करावी आणि एखाद्या रविवारी दुपारी, सोसायटीला आधी सांगून, किंवा तासावर भाड्यानं मिळणाऱ्या सरावखोलीत सगळी गाणी एका बैठकीत उरकावीत. खरेदीला निघण्यापूर्वी एवढं करा: स्नेअर आणि किकची जुनी हेड बदला, प्रत्येक लग समोरासमोरच्या जोडीनं पिळून सूर जुळवा आणि मोबाइलवर एकदा रेकॉर्ड करून ऐका. तिथं कानाला खटकलं, तर माइकचे पैसे अजून खिशातच ठेवा.