पडद्यामागची मराठी
(नांदेड येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

टेबलावरचा हा दिवा संयोजकांचा नाही, मी घरून आणलाय. मागच्या रांगेपर्यंत दिसतोय ना? बकऱ्याच्या कातड्याचा आहे. कातडं घासूनघासून इतकं पातळ केलंय, की आतला बल्ब लावला की त्यावर रंगवलेल्या मारुतीचं अंग तांबडं दिसतं, गदा पिवळी दिसते आणि दागिन्यांच्या जागी पाडलेल्या बारीक भोकांतून नुसता उजेड येतो. आंध्रात धर्मावरमजवळ निम्मलकुंटा नावाचं गाव आहे, तिथे हे दिवे बनतात आणि लांबलांबच्या दिवाणखान्यांत जातात. बनवणाऱ्यांचा मूळ धंदा मात्र दिव्यांचा नव्हे. हाच मारुती रात्रभर पडद्यावर उडवायचा, हा त्यांचा धंदा. दिव्यावरचा मारुती काही उडत नाही. परक्या गिऱ्हाइकासाठी कला किती बदलू शकते याचा हा टोकाचा नमुना, म्हणून तो मुद्दाम समोर ठेवला.

पडद्यावरच्या या सावल्यांच्या खेळाला तेलुगूत तोलुबोम्मलाट म्हणतात. तोलु म्हणजे कातडं, बोम्म म्हणजे बाहुली, आट म्हणजे खेळ. आंध्रातल्या बाहुल्या चांगल्या माणसाच्या उंचीच्या असतात. पांढरा पडदा ताणायचा, मागे दिवा लावायचा आणि बाहुली काठीने पडद्याला टेकवायची. टेकली की रंग उमटतात. जरा मागे, दिव्याकडे ओढली की ती फुगते, पुसट होते आणि राक्षस अंगावर येतो. तेलाचा दिवा असेल तर ज्योत हलते आणि बाहुली स्थिर धरली तरी तिचा श्वास चालू आहे असं वाटतं. बल्बच्या उजेडात ही गंमत नाही.

सगळ्यांत अवघड काम नर्तकीचं. राम-लक्ष्मणाला फार सांधे लागत नाहीत, देवांनी जपूनच हलायचं असतं. नर्तकीची मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर सगळं वेगवेगळं कापून दोऱ्याने जोडलेलं असतं. मधली काठी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने तिचे हात फिरवायचे. आता पडद्यामागे चला. बाहुली नाचवणाऱ्याच्या पायात घुंगरू आहेत आणि पायाखाली लाकडी फळी. पुढे दिसते ती नर्तकीची सावली, ठेका मात्र याच्या टाचेचा. लढाई आली की त्याच फळीवर पाय आपटून रणधुमाळी उठवतात. नाचतं कोण, बाहुली की माणूस, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. आंध्रातल्या या खेळकरी घराण्यांना आरे कापू म्हणतात, आणि तेलुगूत आरे म्हणजे मराठा. कर्नाटकात त्यांना किळ्ळेक्यात म्हणतात, तमिळनाडूत मंडिकर. तिन्हीकडे ही माणसं घरात मराठीची एक जुनी बोली बोलतात. निम्मलकुंट्यात शिंदे आडनाव सापडतं. पडद्यावर मात्र खेळ तेलुगूत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये. रामायण तेच, पण आंध्रात ते रंगनाथ रामायणाच्या अंगाने जातं आणि तमिळनाडूत कंबरामायणाच्या. म्हणजे परक्या प्रेक्षकापुढे खेळ बेतणं हे काही विमानप्रवास सुरू झाल्यावर आलेलं नाही. या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तेच केलं. आईशी एका भाषेत बोलायचं आणि सीतेला दुसऱ्या भाषेत रडवायचं.

हे त्यांना जमलं कसं? माझं मत विचाराल तर सोंगाड्यामुळे. आंध्रात जुट्टुपोलिगाडू आणि त्याची बायको बंगारक्का, तमिळनाडूत उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन. कर्नाटकात तर किळ्ळेक्यात हेच विदूषकाच्या बाहुलीचं नाव, आणि तेच जमातीला चिकटलं. आपल्या माळेगावच्या यात्रेत तमाशाचा सोंगाड्या काय करतो, आठवा. गावच्या सरपंचाचं नाव घेतो, पावसावर बोलतो, कुणाच्या तरी नव्या फटफटीची टर उडवतो. तेवढ्याने फड गावाचा होतो. रावण सगळीकडे सारखाच. सोंगाड्याला मात्र प्रत्येक गावात नव्याने बोलावं लागतं.

परदेशातल्या रंगमंचावर कात्री नेमकी त्याच्यावरच चालते. रात्रभराचा खेळ तासाभरावर येतो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण काय ठेवायचं? लंकादहन, युद्ध आणि नर्तकी. यांना भाषा लागत नाही. जुट्टुपोलिगाडूचा चावट विनोद भाषांतरात मरतो आणि सभ्य कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही, म्हणून तो पेटीतच राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मनापासून वाजवतात. पण त्या रात्री त्यांच्याशी कुणी बोललेलंच नसतं.

जावामध्ये वायांग हा सावल्यांचा खेळ पहाटेपर्यंत चालतो आणि विदूषकांची वेळ साधारण मध्यरात्रीनंतरची. दोन तासांच्या खेळाला येऊन झोपायला गेलेल्या पर्यटकाला ती कळायची कशी? नर्तक उदय शंकरांचं उदाहरण मला उलट्या बाजूने महत्त्वाचं वाटतं. १९२३ साली लंडनमध्ये बॅले-नर्तकी आना पावलोवाबरोबर त्यांनी नाच केले ते युरोपच्या नजरेला झेपतील असे, छोटे आणि नेटके. त्याच माणसाने १९४० नंतर अल्मोड्याच्या आपल्या केंद्रात मोठ्या पडद्यावर सावल्यांची रामलीला केली, ती डोंगरातल्या लोकांसमोर. गोष्ट त्यांना समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

महाराष्ट्रात कातडी बाहुल्यांची कला टिकली ती कुडाळजवळ पिंगुळीत, ठाकर समाजाकडे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोव्याच्या वाटेवरचे प्रवासी तिथे थांबतात, चित्रकथी पाहतात, चामड्याच्या बाहुल्यांचा छोटा खेळ पाहतात. त्याला दिखाऊ म्हणून नाक मुरडणारे मला भेटतात. मी त्यांना विचारतो, तुम्ही अख्खी रात्र बसणार का? २०२० साली निम्मलकुंट्याच्या दलवाई चलपती राव यांना आणि २०२५ साली कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वांना पद्मश्री मिळाली, तेव्हा भीमव्वांचं वय नव्वदीच्या पुढे होतं. त्याही परदेशात खेळ करून आलेल्या. त्या मानाने कोप्पळ आपल्या उदगीर-निलंग्याहून काही फार लांब नाही, तरी आपण त्यांना एकदाही बोलावलेलं मला आठवत नाही.

समजा, बोलावलं. देगलूरच्या बाजाराच्या मैदानावर पडदा लागला. ही माणसं कोणत्या भाषेत खेळ करतील? घरची भाषा मराठी, पण रामायण पाठ आहे ते तेलुगूत किंवा कन्नडमध्ये. मराठीत त्यांच्याकडे रावणाचं एक वाक्य नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने परका प्रेक्षक पॅरिसचा नव्हे, आपणच. देगलूरकर तेलुगू समजून घेतील, सीमेवरच्या माणसाला त्याचं काय एवढं. राम तेलुगूत बोलू दे, रावणही बोलू दे. सोंगाड्या तेवढा पडद्यावर आला, की त्याने आईची बोली काढावी आणि नगरपालिकेच्या नळाला पाणी कधी येतं ते विचारावं.