खानकाह आणि वही



सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीत माँते कासिनो येथे मठ स्थापन केला. प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन हा तेथील नित्यक्रम. पुढे अशा मठांतील साधूंनी ग्रंथांच्या नकला केल्या, म्हणून पुष्कळ जुनी विद्या टिकली. हे शिकवत असता नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे असे कोणी लिहून ठेवत होते का?"

होते. आणि फार दूर नव्हे, खुलताबादला. १९८१ पर्यंत आपला जालना ज्या औरंगाबाद जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्यातले हे गाव. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य हजरत बुरहानुद्दीन गरीब मुहम्मद तुघलकाच्या काळात दख्खनमध्ये आले. १३३७ मध्ये त्यांचे निधन झाले. बऱ्हाणपूर शहराला त्यांचेच नाव आहे. खानकाह म्हणजे संन्याशांचा मठ नव्हे. तेथे संसारी माणसेही येत, शिकत आणि आपल्या कामावर परत जात.

अशांपैकीच रुकनुद्दीन काशानी. त्यांना 'दबीर' म्हणत, म्हणजे चिटणीस. शिवकाळातही हा हुद्दा होता. त्यांनी १३३२ पासून गुरूंची वचने फारसीत टिपून ठेवली. तो ग्रंथ 'नफाइसुल अनफास'. त्यांचे भाऊ हम्माद आणि मज्द यांनीही असेच ग्रंथ लिहिले. एका घरातले तीन भाऊ लिहीत बसले, म्हणून सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती मैफल आज आपल्याला कळते.

आता माझी चूक सांगतो. आजोबांच्या पेटीत उर्दू-मोडी कागद होते. घर दुरुस्तीच्या वेळी ते मीच रद्दीत घातले. किती पैसे आले तेही आठवत नाही. त्या कागदांत काय होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. वर्गात इतिहास शिकवणाऱ्या माणसाने हे केले!

म्हणून पालकांना विनंती, घरातील जुना कागद फेकण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. आणि मुलामुलींनो, शंभर पानी एक वही घ्या. दादी-नानीजवळ बसा, ती सांगेल ते लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा. दबीर होण्यासाठी दरबार लागत नाही. वही लागते, आणि ऐकण्याची सवय लागते.

खुदा हाफिज.