नोंद नसलेले शिपाई

(वार्षिक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



'युद्ध आणि विषमता' या विषयावर बोलावे, असे संस्थेने आम्हांस सुचविले. विषय जड वाटतो. परंतु आमच्या तरुण मुलांना तो आमच्यापेक्षा अधिक ओळखीचा आहे. ही मुले मोबाईलवर जपानी चित्रमालिका पाहतात. घरची वडीलधारी मंडळी त्यांना 'कार्टून' म्हणून मोडीत काढतात. त्यांपैकी एका मालिकेविषयी आज प्रथम सांगतो, कारण तिच्यात आपलाच इतिहास वेगळ्या वेषात उभा आहे.

मालिकेचे नाव 'एटी-सिक्स', म्हणजे शहाऐंशी. आसातो आसातो यांच्या २०१७ साली निघालेल्या कादंबरीवरून ती २०२१ साली तयार झाली. तिच्यात एक प्रजासत्ताक आहे. त्याचे पंच्याऐंशी विभाग. तेथे चंदेरी केसांचे नागरिक सुखाने राहतात. बाकीच्या सर्व लोकांचे नागरिकत्व काढून घेऊन त्यांना तटबंदीच्या बाहेर, शहाऐंशीव्या विभागात लोटलेले आहे. शत्रूची यंत्रे चालून येतात, तेव्हा सरकार जनतेला सांगते, "आपलीही यंत्रे मानवरहित आहेत, या युद्धात कोणीही मरत नाही." प्रत्यक्षात त्या यंत्रांत शहाऐंशीव्या विभागातील पोरे बसलेली असतात. ती रोज मरतात. पण कायद्याने ती माणसेच नसल्यामुळे मृतांचा आकडा शून्य राहतो.

दूर राजधानीत बसून या मुलांना हुकूम देणारी लेना नावाची एक तरुण अधिकारी आहे. ती मनाने चांगली आहे, त्यांच्याशी गोड बोलते. एके दिवशी तुकडीतील एक मुलगी मरते, तेव्हा एक मुलगा लेनाला संतापून सुनावतो, की तू आमची खरी नावेसुद्धा कधी विचारली नाहीस. आणि तुकडीचा नायक शिन काय करतो? मेलेल्या प्रत्येक साथीदाराच्या यंत्राचा पत्रा तोडून त्यावर तो त्याचे नाव कोरतो आणि ते तुकडे जपून ठेवतो. सरकारने जी नोंद केली नाही, ती हा मुलगा करतो.

मित्रांनो, हे पाहून तुमच्या डोळ्यांत पाणी येत असेल तर लाजू नका. परंतु एवढ्यावर थांबूही नका. ही गोष्ट कल्पनेतली असली, तरी तिच्यासारखी खरी गोष्ट आपल्या घरांतून घडलेली आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा-कोरेगाव येथे कंपनी सरकारची एक लहान फौज पेशव्यांच्या मोठ्या फौजेसमोर दिवसभर टिकून राहिली. तेथील स्तंभावर ४९ नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. हे शिपाई महार समाजाचे होते. त्या तुकडीत इतर समाजांचेही शिपाई होते, हे आपण मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. खरा इतिहास सांगितल्याने आपले काहीच कमी होत नाही. ज्यांना गावात पाणवठ्यावर जाण्याची बंदी होती, त्यांची नावे दगडावर इतरांच्या बरोबरीने कोरली गेली, हे त्या स्तंभाचे खरे मोल आहे. ते युद्ध आपल्या दारापर्यंतही आले होते. एप्रिल १८१८ मध्ये पळत्या दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल अॅडम्सने या पांढरकवड्याच्याच परिसरात गाठले. त्या झटापटीत दोन्ही बाजूंनी पडलेल्या साध्या शिपायांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल काय?

पलटणीने आपल्या पूर्वजांना पगार दिला, आणि पगारापेक्षा मोठी अशी शाळा दिली. पलटणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ महू येथे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. परंतु पुढच्या काही वर्षांतच हे दार बंद झाले. काही जाती तेवढ्या 'लढाऊ', बाकीच्या नव्हेत, असा सिद्धान्त सरकारने उचलला. महार सुभेदाराला सलाम करणे उच्चवर्णीय शिपायांना नको होते, त्याचाही विचार झाला. पूर्वजांनी रक्त सांडून मिळवलेला हक्क एका धोरणाने गेला.

बाहेरच्या जगात तर पलटणीचा मान कधी चाललाच नव्हता. १९०१ साली सुभेदारांची मुले, भीमराव, त्यांचे बंधू व भाचे, वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरलेल्या त्या नीटनेटक्या मुलांची जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. दुप्पट भाडे कबूल करून आणि स्वतः बैल हाकून ती निघाली. बरोबर जेवणाचा डबा होता. पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. रात्र उपाशीपोटी गेली. बापाच्या सुभेदारीने मुलांना तांब्याभर पाणीसुद्धा मिळवून दिले नाही.

म्हणून आपल्या माणसांनी अर्ज लिहिले. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ साली तीही मोडली. 'एटी-सिक्स'मधील मुलांना पाच वर्षे लढलात तर नागरिकत्व देऊ असे वचन असते. ती मुदत भरत आली की त्यांना परत येता येणार नाही अशा मोहिमेवर धाडले जाते. गरजेपुरते शिपाई, गरज सरताच परके, ही रीत दोन्हीकडे एकच.

जगात इतरत्रही हेच घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत ठेवले. त्याच समाजातील तरुणांची ४४२ वी तुकडी १९४३ साली उभी राहिली आणि युरोपात पराक्रमाने लढली. कित्येकांचे आईबाप त्या वेळी छावणीत होते. त्या सरकारने कायदा करून माफी मागितली ती १९८८ साली.

आपल्याकडे दार पुन्हा उघडले ते बाबासाहेबांच्या रेट्यामुळे. जुलै १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी आपल्या विदर्भात, कामठीस झाली. रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे तिच्यात सर्व समाजांचे जवान आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले आठव्या महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

बंधू-भगिनींनो, युद्धाचा गौरव करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. तथागतांच्या मार्गाने जाणाऱ्यांना युद्ध प्रिय असू शकत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याला मरणाच्या रांगेत उभे केले जाते, त्याला माणसांच्या मोजणीतही उभे केले पाहिजे. शिपाई म्हणून चालतो आणि शेजारी म्हणून चालत नाही, हा हिशेब कोणत्याही देशाला शोभत नाही.

अधिकाऱ्यांच्या नावांची नोंद होते. साध्या शिपायांची राहते. केळापूर तालुक्यातील कितीतरी घरांच्या ट्रंकेत जुने डिस्चार्जचे कागद, पिवळा पडलेला फोटो, एखादे पदक असेल. ज्यांना त्या फोटोतील माणूस ओळखता येतो, त्या आजी-आजोबांची संख्या दर वर्षी घटते आहे. म्हणून तरुणांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. मालिका पाहून झाली की मोबाईल हातात तसाच ठेवा आणि आजीजवळ जाऊन बसा. शिपायाचे पूर्ण नाव, गाव, बटालियन, भरतीचे व निवृत्तीचे वर्ष विचारा आणि लिहून घ्या. कागदांचे फोटो काढा. शेजारच्या गल्लीतील, दुसऱ्या समाजाच्या शिपायाचे नावही त्याच वहीत लिहा, आणि ती वही विहारात आणून ठेवा.

शिनला पत्र्यावर नावे कोरावी लागली. आपल्याजवळ कागद आहे, लेखणी आहे आणि बाबासाहेबांनी दिलेली अक्षरे आहेत.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!