बुबुळावरील जखम आणि औषधांचा विवेक



बजाजनगर ही वाळूज औद्योगिक क्षेत्रातील कामगारांची वसाहत, सभोवती शेतशिवार. यंत्रावरून उडालेला लोखंडाचा कण किंवा कणसाचे कुसळ डोळ्यात गेले, की बुबुळावरील पारदर्शक पडद्यास ओरखडा पडतो. त्यातून जीवाणू अथवा बुरशी शिरून व्रण होतो. उपचार लांबल्यास डोळ्यात फूल पडते आणि दृष्टी जाते.

अशा वेळी परस्पर दुकानातून थेंब आणून घालणे घातक होय. जीवाणूनाशक औषध बुरशीवर चालत नाही. स्टेरॉईडच्या थेंबांनी तर ती फोफावते. अर्धवट उपचारांनी जीवाणूही औषधास दाद देईनासे होतात. हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच दिला होता. आज मॉक्सिफ्लॉक्सासिनलाही न जुमानणारे जीवाणू भारतातील नेत्ररुग्णांत आढळतात.

वेळीच केलेला साधा उपचार मात्र पुरेसा ठरतो. नेपाळातील भक्तपूर येथे गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी ओरखड्यानंतर १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल मलम सुरू करून ते तीन दिवस लावले. त्यांपैकी एकाही रुग्णास व्रण झाला नाही. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून यंत्रावर संरक्षक चष्मा वापरावा, डोळा चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. व्रण झालाच, तर तो खरवडून जंतूंची तपासणी करवून घ्यावी व मगच औषध ठरावे. शिक्षक आणि पंचायत सदस्यांनी एवढे घरोघर पोहोचविले, तरी अनेकांची दृष्टी वाचेल.